उद्या काय आणायचं?

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडली आणि वर्ग अर्धा रिकामा. दरवर्षीचंच आहे. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला गेली. भांडीकुंडी, कोंबड्या, बारकी लेकरं असं सगळं ट्रॅक्टरवर लादून माणसं श्रीरामपूरच्या बाजूला जातात, ती उन्हाळा लागला की परत येतात. जी पोरं आजी-आजोबांपाशी मागं राहतात तीच तेवढी आमच्या वाट्याला.

आज आप्पासाहेब गुरुजींनी मोबाईलवरचा पालकांचा गट माझ्या गळ्यात घातला. गुरुजी आमचे मुख्याध्यापक. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, पण मनाने ते कधीच निवृत्त झालेत. म्हणाले, "जयमालाबाई, तुमची भाषा चांगली. सूचना आता तुम्हीच टाकत जा. माझ्या सूचना कुणी वाचतच नाही." वाचणार कशा? 'सर्व पालकांना कळविण्यात येते की' इथपर्यंत येईतो माणूस झोपतो.

दोन शिक्षकांची शाळा, त्यात मी एक. काम वाढलं म्हणून कुरकुर केली, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. डी.एड.ला असताना निबंधात पहिली यायचे. त्यानंतर आजवर काही लिहिलंच नाही. म्हणून ही वहीही आजपासूनच सुरू केली. पोरगा, ओंकार, अकरावीला नगरला वसतिगृहात गेल्यापासून संध्याकाळी घर खायला उठतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

माझी पहिली सूचना: 'नखे वाढली की पोटात जंत, आई-बाबांच्या जिवाला खंत. सोमवारी नखांची तपासणी आहे. कापून पाठवा.' खाली कात्रीचं चित्र. तासाभरात वीस-पंचवीस अंगठे आले. गुरुजींनी सुद्धा एक दिला, तोही चुकून दोनदा.

९ नोव्हेंबर, रविवार

सूचना लिहायच्या म्हटलं की हल्ली दुपारपासूनच डोक्यात यमकं फिरतात. आमचे हे, योगेश, म्हणाले, "भाजीत मीठ नाहीये, पण सूचना झकास झालीय." यांचं जामखेडला औषधाचं दुकान आहे. बोलणं कमी आणि तेही असं तिरकं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चौथीतली सृष्टी रोज शाळा सुटताना दारात थांबते आणि विचारते, "बाई, उद्या काय आणायचं?" रोज. एक दिवस चुकवत नाही. मी म्हणते, "अगं, गटावर टाकते ना. घरी मोबाईलवर बघ." ती मान हलवते आणि जाते. दुसऱ्या दिवशी परत तेच. आज जरा चिडलेच. म्हटलं, "एवढ्या मेहनतीने लिहिते, ती काय माझी हौस म्हणून?"

पोरगी हुशार आहे. वाचन तर स्पष्ट, खणखणीत. पण दिवाळीनंतर काहीतरी बिनसलंय. आठवड्यातून दोनदा उशिरा आली. फ्रॉकला पीठ, केसांना धुराचा वास, बोटाला भाजल्याचा फोड. कारण विचारलं तर म्हणते, "काय न्हाई बाई." आईबाप तोडीला गेलेत, ही आजीपाशी, राहीबाईपाशी, राहते. आजीने लाडावून ठेवली असणार, दुसरं काय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सृष्टीला आज खिचडी डब्यात भरताना पाहिलं. आमच्या भागूबाई शाळेतला स्वयंपाक करतात. त्याच वाढत होत्या. मी म्हटलं, "अगं, दुपारी पोटभर जेवतेस ना? मग घरी कशाला?" म्हणाली, "आजीला आवडती." भागूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नेऊ द्या की बाई, खाली उरल्यालीच हाय." पण नियम तो नियम. एकीला दिलं की सगळ्यांचे डबे येतात.

संध्याकाळी सूचना टाकली: 'खिचडी शाळेची, शाळेतच खायची. पोषण आहार घरी नेऊ नये.' चांगली जमली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सृष्टी कालपासून आली नाही. वर्गात सतरंजीवर तिची जागा पहिल्या ओळीत, खिडकीखाली. तिथे आता कुणीच बसत नाही. पोरं म्हणतात, ती सृष्टीची जागा आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अजून नाही. पोरांना विचारलं तर एक म्हणाला, विहिरीवर दिसली. दुसरा म्हणाला, किराणा दुकानात. म्हणजे आजारी नाही. गावात हुंदडतेय. तिचं घर शाळेच्या मागच्या वस्तीवर, शाळेच्या ओट्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावर. जाऊन यावं असं आलं होतं मनात. पण ऑनलाइन माहिती भरायची होती, नंतर खर्ड्याला यायची एसटी आली. मी खर्ड्यातून रोज ये-जा करते. गाडी चुकली की तासभर झाडाखाली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज केंद्रप्रमुखांचा फोन. आमच्या शाळेची उपस्थिती घसरलीय म्हणून गुरुजींना बोलले. गुरुजी मला बोलले. मग मी बोलले, गटावर.

सृष्टीच्या रिकाम्या जागेचा फोटो काढला आणि खाली लिहिलं: 'ही जागा इयत्ता चौथीच्या सृष्टीची. आठवडा झाला, विनाकारण गैरहजर. मोबाईल बघायला वेळ आहे, लेकराला शाळेत धाडायला नाही. काही आईबापांना मूल फक्त नावाला, शाळा लावली गावाला. सर्वांनी बोध घ्यावा.'

लिहिताना हात थबकला होता एकदा. नाव घालू की नको? पण नावाशिवाय धार येत नाही. टाकलं. अंगठे आले, दोन-तीन हसणारे चेहरेही. सृष्टीच्या बापाने, अंगदने, वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या. उत्तर काही नाही. बोध घेतला असेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी भागूबाई तांदूळ निवडत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बाई, सृष्टी गेली."

मी म्हटलं, "गेली म्हणजे?"

"बाप आला हुता काल. मुकादमाच्या गाडीवर. पोरीला तोडीवर घेऊन गेला. म्हातारीला खर्ड्याला लेकीकडं टाकली. घराला कुलूप हाय."

मी म्हटलं, "असं कसं नेली? शाळेला सांगायचं तरी."

भागूबाईंनी सूप ठेवलं. "तुमीच सांगितलं न्हवं त्याला शाळेचं, गटावर."

आणि परत तांदूळ निवडायला लागल्या. मी दिवसभर चौथीचा वर्ग घेतला, पण काय शिकवलं ते आठवत नाही. स्वतःला समजावते आहे की, मी खोटं काही लिहिलं नव्हतं. मुलगी गैरहजर होती, मी ते सांगितलं. सूचना द्यायचं कामच आहे माझं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

राहीबाईंना भेटून आले. लेकीचं, बनुबाईचं घर इथेच खर्ड्यात, किल्ल्याच्या अंगाला. माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. तीन दिवस टाळलं आणि आज सकाळची शाळा सुटल्यावर गेले.

म्हातारी खाटेवर होती. उठता येत नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, लेक-सून तोडीला गेल्यावर, न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याला मार लागला. तेव्हापासून स्वयंपाक, पाणी, म्हातारीला उठवणं-बसवणं, सगळं सृष्टीच करत होती. चौथीतली पोरगी. सकाळचं उरकायचं नाही म्हणून उशीर. मग म्हातारीला ताप भरला तेव्हा शाळाच बंद.

मी विचारलं, "पण अंगदला का नाही कळवलं? मला तरी सांगायचं."

राहीबाई म्हणाल्या, "अंगदला कळालं आसतं तर काम टाकून आला आसता, न्हाईतर पोरीला घेऊन गेला आसता. मला दोनी नको हुतं. म्हनून पोरीला शपथ घातली, कुनाला सांगायचं न्हाई म्हनून. तिची शाळा ऱ्हावी म्हनून केलं बाई समदं. खिचडी आनायची माझ्यासाटी. तुमी बंद केली, मग दुपारचीबी भाकरी पहाटंच थापायला लागली. बोट तर आदीच भाजून घेतलं हुतं."

मी म्हटलं, "मोबाईलवर सूचना तर रोज जात होत्या."

"मोबाईल अंगदकडं. तो तिकडं, फडात. आमच्याकडं कुठला आलाय मोबाईल?"

एवढी साधी गोष्ट. पोरगी शाळेच्या मागच्या वस्तीवर, आणि तिच्या नखांची सूचना मी धाडत होते श्रीरामपूरच्या उसात. म्हणून ती रोज दारात उभी राहून विचारायची. आणि मी तिला म्हणायचे, घरी बघ.

उठताना राहीबाईंनी अजून एक सांगितलं. अंगदला वाचता येत नाही. त्याच्याकडे आलेलं काही असलं की छगन मुकादम वाचून दाखवतो. "तुमचा तो फोटूचा मजकूर त्यानं समद्या टोळीत वाचला. लोकं हासली. अंगद त्याच पावली निघाला." हे सांगताना म्हातारीचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

बनुबाईने चहा केला होता. मी तो प्याले. तेवढाही मान का द्यावा त्यांनी मला, हे कळत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

गटावरचा तो फोटो काढून टाकायला गेले. आता तो सगळ्यांच्या मोबाईलमधून निघत नाही, फक्त माझ्यातून निघतो. माझ्यातून काढून काय करू?

अंगदला दोनदा फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा मीच वाजायच्या आत बंद केला.

५ डिसेंबर, शुक्रवार

योगेशना अर्धंच सांगितलं. म्हणजे पोरगी गेली हे सांगितलं, फोटोचं नाही. ते म्हणाले, "तुझा काय दोष त्यात?" हेच ऐकायला अर्धं सांगितलं होतं. ऐकलं, आणि जेवण गेलं नाही.

सूचना चालूच आहेत. सोमवारी नखे, उद्या महापरिनिर्वाण दिनाला फुले. यमकं सोडून दिलीत. गुरुजी म्हणाले, "बाई, हल्ली तुमच्या सूचनांत मजा नाही राहिली."

१२ डिसेंबर, शुक्रवार

ठरवलंय. उद्या सृष्टीकडे जाते. गुरुजींना सांगितलं, नगरला काम आहे. एक किरकोळ रजा. गटावर उद्याची सूचना टाकली: 'शनिवार. स्वच्छ गणवेश. कार्यानुभवासाठी पाच वेगवेगळ्या झाडांची पाने आणावीत.' ज्यांचा कार्यानुभव घ्यायचा त्यांच्यासाठी गुरुजी आहेत. मी नसेन.

१४ डिसेंबर, रविवार

काल गेले आणि आले. काल लिहायची ताकद नव्हती.

नगरला गाडी बदलली, श्रीरामपूरला उतरले, तिथून रिक्षाने, बनुबाईने सांगितलेल्या खुणेवर, कारखान्याच्या अलीकडच्या माळावर. पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपड्या, ओळीने. मोठी माणसं उसाच्या फडात गेलेली. कोप्यांपाशी फक्त म्हाताऱ्या, कुत्री आणि लहान पोरं. आणि त्या सगळ्यांत सृष्टी, कडेवर धाकटा भाऊ, अंगावर शाळेचा गणवेश.

निळा-पांढरा, धुतलेला. धाकट्याने खांद्यावर लाळ गाळली होती तेवढाच डाग. मला वाटलं, दुसरे कपडे नसतील. तेवढ्यात ती धावत आली आणि म्हणाली, "बाई, आज शनिवार. गनवेश घातलाय मी." मग हाताची बोटं पुढे केली. नखं कापलेली. आत्ता सोमवारची तपासणी झाली ना, म्हणाली, तेव्हाच कापली.

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं गं?"

"तुमीच. सूचना येती ना बापूंच्या मोबाईलवर. आता मीच वाचते समद्यांना. छगनतात्या लई अडखळायचा."

म्हणजे माझ्या सूचना आता तिच्यापर्यंत पोचतात. शाळेपासून एवढ्या लांब आल्यावर पोचायला लागल्या. ती रोज संध्याकाळी त्या मोठ्याने वाचते, आणि दुसऱ्या दिवशी सांगितल्याप्रमाणे करते. शाळा नाही, पण सांगितलेलं सगळं करते. सहा डिसेंबरला तिने रानातली फुलं आणून कोपीच्या दारात ठेवली होती.

मग कोपीत जाऊन एक वही घेऊन आली. वहीच्या पानांत दाबून ठेवलेली झाडाची पानं. बाभूळ, कडुनिंब, रुई आणि उसाचं. म्हणाली, "बाई, चारच सापडली. हितं समदा ऊसच हाय. पाचवं मिळंना." आणि शिक्षा होईल की काय अशा नजरेने बघत राहिली. मी धाकट्याला तिच्याकडून घेतलं, तर तो रडायला लागला, म्हणून परत दिलं.

दुपार कलल्यावर माणसं आली. अंगद बारीक, उन्हाने करपलेला. मला पाहून त्याने आधी हातपाय धुतले, मग डोक्याचा फडका काढून समोर बसला. त्याची बायको, मंदा, चहा ठेवायला गेली. छगन मुकादम आणि बाकीची टोळी जरा लांब, पण कान इकडेच.

मी म्हटलं, "अंगदभाऊ, माझं चुकलं." हळू म्हटलं. इतकं हळू की त्यालाच ऐकू जावं. हेही आत्ता लिहिताना कळतंय. लिहिलं होतं ते सगळ्या गावाला दिसेल असं, आणि चुकलं म्हणाले ते एकट्याला ऐकू जाईल असं.

तो म्हणाला, "तुमी लिवलं ते खोटं न्हवतं बाई. पोरगी येत न्हवती. पन एक फोन लावायचा हुता. मला तरी कुठं म्हाईत, आई पडलीय म्हनून? घरी जाऊन बघतो तर आई खाटंवर आनि ही चुलीपुढं." फडक्याने मान पुसली. "लोकात हासं झालं त्याचं काय न्हाई. आमाला कुनी ना कुनी हासतंच."

मी म्हटलं, "तिला परत पाठवा. हुशार आहे. वर्ष वाया जाईल."

"कुठं पाठवू? घराला कुलूप. आई बनूकडं पडून, बनूच्या घरात आदीच सहा मानसं. हितली शाळा हायवेच्या पल्याड, पोरीला एकलीला कसं धाडू?"

मंदा चहा घेऊन आली होती. ती खाली बघून म्हणाली, "बारक्याचं मी बघीन. ती यायच्या आधी फडातच झोळीत ठेवत हुते, आताबी ठेवीन. पोरीचं काय तरी करा."

तेव्हा अंगदने माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "तुमी ठेवता का, बाई?"

टोमणा नव्हता. खरंच विचारलं त्याने. सृष्टी शेजारीच उभी होती, वही छातीशी धरून.

आणि मी, जिच्या घरात ओंकारची खोली जूनपासून रिकामी आहे, तिथल्या खाटेवर दिवाळीनंतर पांघरुणाची घडीसुद्धा मोडलेली नाही, ती मी म्हणाले, "बघू. हंगामी वसतिगृहाचं काही होतं का, वरिष्ठांशी बोलते."

तो म्हणाला, "बगा." आणि चहा प्यायला लागला. सृष्टी मला रिक्षापर्यंत सोडायला आली. रिक्षा सुरू झाली तेव्हा तिने विचारलं, "बाई, सोमवारी काय आणायचं?"

मी म्हटलं, "गटावर टाकते." या तोंडातून दुसरं काही निघतच नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

सूचना टाकली नाही. कालही नाही. मोबाईल हातात घेतला की डोळ्यांपुढे ती कोपीपुढे उभी राहते आणि मी लिहीन ते करायला निघते. 'पाणी उकळून प्या' लिहिलं तर उकळेल. 'रंगपेटी आणा' लिहिलं तर कुठून आणेल?

का नाही म्हटलं मी 'हो'? कारणं शोधून ठेवलीत. योगेश काय म्हणतील. लोक काय म्हणतील. पोरीला काही झालं तर. एकीला ठेवलं की सगळे येतील. हे शेवटचं मी खिचडीच्या वेळीही म्हणाले होते.

वसतिगृहाचं विचारलं. या हंगामातले प्रस्ताव केव्हाच गेले. पुढच्या वर्षी बघा, म्हणाले. आणि मला माहीत होतं हे. अंगदला 'बघू' म्हणाले तेव्हाही माहीत होतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

केंद्रातली शिक्षकांची बैठक. केंद्रप्रमुखांनी पालकसंपर्काचा आदर्श म्हणून माझ्या सूचना वाचून दाखवल्या. जंत-खंत वाचली, लोक हसले. खिचडीची वाचली. मग म्हणाले, "आणि गैरहजेरीवर तर जयमालाबाईंनी अशी मात्रा दिली की बस." मोबाईल वर करून रिकाम्या जागेचा फोटो सगळ्यांना दाखवला. टाळ्या वाजल्या.

मला उठून सांगायचं होतं, त्या मुलीचं काय झालं ते. उठलेही. सगळ्यांना वाटलं, आभार मानायला उठले. मी नमस्कार केला आणि खाली बसले. अंगदच्या टोळीत लोक हसले तेव्हा तो तरी त्याच पावली निघाला होता.

२२ डिसेंबर, सोमवार

गुरुजी म्हणाले, "बाई, आठवडा झाला, गटावर काही नाही. तब्येत बरी आहे ना? आणि हो, त्या सृष्टीच्या बापाचा नंबर काढून टाका गटातून. मुलगी इथे नाही, उगीच कशाला?" मी म्हटलं, "काढते." नाही काढला.

२३ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी कणीक मळत होते. मोबाईल वाजला. अंगदच्या नंबरवरून आवाजी निरोप. गटावर नाही, फक्त मला. पिठाच्याच हाताने लावला.

मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज, धाकट्याची कुरकुर. मग सृष्टीचा आवाज, तोच खणखणीत, वर्गात धडा वाचतानाचा: "बाई, सूचना येत न्हाई. बापूंचा मोबाईल नीट हाय, मी बघितला. छगनतात्या म्हनतो, तुझं नाव काढलं आसंल. काढलंय का बाई? उद्या काय आणायचं?"

तीनदा ऐकलं. चौथ्यांदा लावला तेव्हा योगेश दारात उभे होते. मी रडत होते, म्हणून लपवायला जमलं नाही. सगळं सांगितलं, या वेळी पूर्ण. फोटो, हसणारे चेहरे, राहीबाई, अंगदचा प्रश्न, माझं 'बघू'. शेवटी म्हटलं, "तुम्हाला विचारल्याशिवाय कसं हो म्हणणार होते?"

ते म्हणाले, "दहा दिवस झाले. मी रोज इथेच जेवतोय. विचारलं का नाहीस?"

त्यांच्या नावामागे मीच लपले होते, हेच उत्तर आहे. ते ओंकारच्या खोलीत गेले आणि खाटेवरची पुस्तकं खाली काढायला लागले. मग तिथूनच म्हणाले, "म्हातारी इथेच खर्ड्यात आहे ना? म्हणजे पोरीला आजीही भेटेल रोज. मलम नेऊन देतो मी बनुबाईकडे."

इतकं जवळ होतं सगळं. मी एसटी धरून केवढी लांब जाऊन आले.

२४ डिसेंबर, बुधवार

अंगदला आधी फोन करावा की गटावर लिहावं, यावर सकाळ गेली. मग वाटलं, फोन परत एकट्याच्या कानात होईल. जे टोळीसमोर वाचलं गेलं, त्याचं उत्तरही टोळीसमोरच वाचलं जायला हवं. आणि आता वाचणारी कोण आहे ते मला माहीत आहे.

शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून लिहिलं. एसटी गेली, जाऊ दिली. गटावर टाकलं ते असं:

'सूचना. २४ नोव्हेंबरला मी या गटावर सृष्टीबद्दल आणि तिच्या आईवडिलांबद्दल लिहिलं होतं. ते चूक होतं. सृष्टी विनाकारण गैरहजर नव्हती. पडलेल्या आजीला सांभाळत होती. तिचं घर इथून दिसतं. मी जाऊन विचारलं नाही. अंगदभाऊ, मंदाताई, सगळ्यांसमोर तुमची माफी मागते. अंगदभाऊ, तुम्ही विचारलं होतं, तुम्ही ठेवता का. ठेवते. तुम्ही परत येईपर्यंत सृष्टी माझ्या घरी राहील. उद्या नाताळची सुट्टी आहे, मी न्यायला येते. तुमचं मन नसेल तर तसं सांगा, तेही बरोबरच असेल. सृष्टी, तुझं नाव काढलेलं नाही. उद्या काय आणायचं ते लिहून घे: दप्तर, गणवेश, पानांची वही.'

एकही अंगठा आला नाही. गुरुजींचाही नाही. गटावर इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. निळ्या खुणा मात्र एकामागून एक उमटत गेल्या. अंगदची उमटायला अंधार पडला. तोवर मी पुढच्या एसटीने घरी आले होते आणि भाताचा कुकर लावायचं दोनदा विसरले होते. नाही म्हणाला तर काय, याची तयारी मनाशी करत होते. म्हणायचा त्याला हक्क होता.

शेवटी निरोप आला, आणि तो गटावर आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आधी अंगदचा आवाज: "या बाई. आमी वाट बघतो. ही बोलती." मग खुडबुड, कुणीतरी कुणाला तरी गप्प करतंय, आणि मग ती:

"बाई, वही घेतली. पन पानं चारच हायत अजून. चालतील का?"

मी लिहिलं, 'चालतील. पाचवं आपल्या दारातल्या शेवग्याचं घेऊ.' मग तिला ते आत्ताच सगळ्यांना वाचून दाखवावं लागणार, हे लक्षात आलं आणि खाली अजून एक ओळ घातली, 'टोळीतल्या सर्वांना नमस्कार.'

सकाळी पहिली एसटी सहाला आहे. योगेश म्हणतात, मीही येतो.